पाय तोच, कंट्रोलर दुसरा

नंदिनी : बाबा, गेल्या रविवारी ट्रेलरमधल्या पातेल्यातलं पाणी सांडलं ते माझ्या पायामुळे नाही, हे मी आज तुम्हाला दाखवूनच देणार आहे. पाय तोच, रस्ता तोच, पातेलं तेच. कंट्रोलर फक्त दुसरा. तुम्हीच शिकवायचात ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची?

भास्कर : ते मी सांगलीला बी.एस्सी.च्या मुलांना शिकवत होतो. त्यांच्या हातात पिकअप ट्रक नव्हता. आणि त्यामागे ट्रेलर तर नव्हताच नव्हता.

सरला : अहो, सुनेशी वाद घालायचा तर आधी तो चहा खाली ठेवा. थर्मासमधला शेवटचा आहे.

भास्कर : मी वाद घालत नाहीये, सरला. माझं म्हणणं एवढंच, की आरसा मी रेल्वेने नेतो. येनाहून एरफुर्ट, एरफुर्टहून फुल्डा. तिथे यशोधन परस्पर बॉनहून येतोच आहे. दुर्बिणीचा बाकीचा सांगाडा तुम्ही दोघी ट्रेलरमधून आणा. सांगाडा हादरला तर स्क्रू आवळता येतात. आरशाचा टवका उडाला तर संपलं.

सरला : म्हणजे मी हादरले तरी चालेल. बरं.

नंदिनी : बाबा, एवढी जड काच घेऊन तुम्ही एकटे फलाट बदलणार? आणि यशोधन म्हणाला ते आठवतंय ना, आज रात्री ऱ्योनच्या माळावर लोक अमावास्येच्या काळोखात तारे बघायला कुठून कुठून येणार आहेत. पुढच्या अमावास्येला तुम्ही सांगलीत असाल. पाच वर्षं घासून केलेल्या आरशाने अजून एक तारा पाहिलेला नाही.

भास्कर : म्हणूनच तर. इतकी वर्षं घासला तो काही शेवटच्या दीडशे किलोमीटरमध्ये फुटायला घासला नाही.

सरला : घासला कसला, प्रदक्षिणा घातल्यात त्यांनी. अंगणात पिंप, पिंपावर काच, त्यावर दुसरी काच, आणि हे गोल गोल फिरतायत. शेजारच्या पुष्करची आई मला विचारायची, भाऊजींनी नवस केलाय का? मी म्हणायचे, देवळात कधी इतक्या घातल्या असत्या तर देवच खाली आला असता.

भास्कर : झालं तुझं?

सरला : माझं कधी होतं? पण नंदिनी, मला एकदा नीट सांग. या डब्यांचं नक्की काय? दोन दोन कशाला मागवलेस? एक तो रविवारचा, आणि आज सकाळपासून डॅशबोर्डखाली डोकं घालून बसवलास तो दुसरा.

नंदिनी : सांगते. इथले जर्मन ट्रेलर असतात ना, ते पुढची गाडी हळू झाली की स्वतःच तिच्यावर रेलतात आणि त्या रेट्यानेच त्यांचा ब्रेक लागतो. त्यांना काही डबा लागत नाही. आपला आनहेंगर, म्हणजे हा ट्रेलर, अमेरिकन. अमेरिकन सैन्यातल्या एका सार्जंटने मायदेशी जाताना पिकअपसकट विकला. याच्या चाकांत विजेचे ब्रेक आहेत, गाड्या पास करणाऱ्या ट्यूफच्या माणसाने तपासून कागदावर तसं लिहूनही दिलंय. पण त्या ब्रेकना पुढून कुणीतरी सांगावं लागतं, आता लागा, इतके लागा. ते सांगणारा डबा म्हणजे हा कंट्रोलर. सार्जंट तेवढा काढून घेऊन गेला.

सरला : मग रविवारचा का नाही चालला?

नंदिनी : चालला, पण तो टाइम-डिले. मी ब्रेकवर पाय ठेवला की त्याला फक्त ब्रेकचा दिवा लागल्याचं कळतं. हळूच ठेवला का कचकन दाबला, ते कळत नाही. तो आपला ठरलेल्या वेळात ठरलेला जोर मागे पाठवून देतो.

सरला : आमच्या धाकट्या जाऊबाईंसारखा. कुणी काही का विचारेना, यांचं उत्तर ठरलेलं.

नंदिनी : गेनाऊ, अगदी तसाच, आई. आणि हा दुसरा, प्रपोर्शनल. याच्या पोटात सेन्सर आहे. गाडी किती झपाट्याने हळू होतेय ते त्याला जाणवतं, आणि तेवढाच ब्रेक तो ट्रेलरला लावतो. मी हळू, तर तोही हळू. मी जोरात, तर तोही जोरात.

भास्कर : थांब. म्हणजे तो जडत्व मोजतो?

नंदिनी : हो, बाबा. जडत्वच.

भास्कर : लंबक असेल आत.

नंदिनी : जुन्या कंट्रोलरमध्ये खरंच लंबक असायचा. आता चिप.

भास्कर : मग तो गाडीच्या दिशेला सरळ बसायला हवा. तिरका बसला तर साध्या उतारालासुद्धा ब्रेक समजेल. कसा बसवलायस? बघू दे. सरक जरा.

नंदिनी : तुमच्याच पिशवीतली स्पिरिट लेव्हल घेऊन बसवलाय. बघा.

भास्कर : हं. बुडबुडा मध्यावर आहे. पहिल्या यंत्राला याची गरज नसेल.

नंदिनी : नाही, तो कसाही टांगला तरी चालतो. बसवायला सोपा तो, वागायला सोपा हा. मी तीन आठवडे हेच वाचतेय, फोरमवर लोक यावरून भांडतात, बाबा. काही म्हणतात शेतातल्या कामाला टाइम-डिलेच बरा, सगळं आपल्या हातात राहतं. पण मागे काच असेल तर एकही माणूस त्याचं नाव घेत नाही.

भास्कर : भांडतात? जडत्वावरून? मला दाखव ते नंतर. बरं, पातेलं भर. काठोकाठ नको, रविवारएवढंच. हळद घातलीस का पाण्यात?

सरला : घातली. आणि खाली तुमचं जुनं पांढरं धोतर अंथरलंय. सांडलं की पिवळा डाग पडणार आणि तुम्ही पट्टी लावून मोजणार. जर्मनीत येऊन धोतराला हळद लावायची वेळ आली माझ्यावर.

नंदिनी : बसा दोघं त्या बाकावर. मी पार्किंगला एक फेरी मारून येते.

भास्कर : चाळीसचा वेग आला की ब्रेक. रविवारसारखाच. मुद्दाम हळू दाबू नकोस.

नंदिनी : मुद्दाम? बरं. निघते.

सरला : अगं, नंदिनी. अगं थांब, मागची चाकं फिरत नाहीयेत. ट्रेलरची. घसटतायत नुसती. काळे पट्टे उठले बघ जमिनीवर.

नंदिनी : मी ब्रेकला पायसुद्धा लावला नाहीये, आई. काहीतरी धरून ठेवल्यासारखं होतंय. आणि याच्यावर लाल दिवा लुकलुकतोय. ओव्हरलोड म्हणतोय.

भास्कर : बंद कर. गाडी बंद कर आधी. हे तुझं जडत्व मोजणारं यंत्र? हे तर उभ्या गाडीला ब्रेक लावून बसलंय.

नंदिनी : मला कळत नाहीये, बाबा. काल रात्री वायरिंग सगळं तपासलं होतं.

सरला : उघडून बघ ना डबा.

नंदिनी : उघडायचा नसतो, आई. मी काढते हा आणि रविवारचा परत लावते. प्लग एकच आहे. दहा मिनिटं द्या.

भास्कर : घे. मी तोवर फुल्ड्याच्या गाड्या बघतो.

सरला : ठेवा तो फोन.

भास्कर : बघितल्या म्हणजे गेलो असं नाही.

नंदिनी : लावला. रविवारी हाच व्यवस्थित चालला होता. आता बघा. नाही. हाही तेच करतोय. चाकं जाम, दिवा लाल. शाइस्स. सॉरी, आई.

सरला : असू दे. मला तो शब्द तुझ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात शिकवला.

नंदिनी : म्हणजे दोन्ही खराब? की मीच काहीतरी घोळ घातलाय? बाबा, एक सांगू? रविवारी तुम्ही पातेलं बघितलंत आणि यशोधनला फोनवर म्हणालात, हिचा पाय जड आहे. मी शेजारच्याच खोलीत होते. मला खूप वाईट वाटलं. यशोधनकडे ट्रेलरचं लायसन्स नाही, माझ्याकडे आहे. पहिल्या फटक्यात पास झाले मी, जर्मन परीक्षकाने हात मिळवला. आणि तरी तुम्ही म्हणालात, यशोधन असता तर बरं झालं असतं.

सरला : अहो, बोला आता.

भास्कर : थांब, सरला. नंदिनी, तू जे आत्ता म्हणालीस ते परत म्हण. हाही तेच करतोय?

नंदिनी : हो. हुबेहूब.

भास्कर : मग मजा आली. बस इथे. दोन वेगळी यंत्रं. दोघांचं काम करायचं तत्त्व वेगळं. आणि बिघाड एकच. तर मग बिघाड यंत्रात नाही.

नंदिनी : आल्झो, म्हणजे पायात?

भास्कर : पायात कसा असेल? तू पाय लावलाच नव्हतास. पाय नाही, यंत्र नाही. रविवारी ट्रेलर चालत होता, आज चालत नाही. मधे काहीतरी बदललंय. कोण आलं होतं ट्रेलरजवळ?

नंदिनी : कुणीच नाही. इथेच तर उभा होता. सकाळी मी आणि आई आलो, मी पिकअपमध्ये शिरले, आई...

सरला : माझ्याकडे काय बघताय दोघं? मी काही केलं नाही. मी फक्त पूजा केली.

भास्कर : कसली पूजा?

सरला : कसली म्हणजे? शनिवार, त्यात अमावास्या, आणि तुम्ही घरातून प्रवासाला निघताय. आमच्याकडे अमावास्येला कुणी शेजारच्या गावालासुद्धा जात नाही. तुम्हाला काळोख हवा म्हणून मी गप्प बसले. पण म्हटलं, निदान लिंबू-मिरची तरी बांधावी गाडीला. बिब्बा कुठला मिळणार इथे, म्हणून ग्रिलचा कोळसा ओवला.

नंदिनी : आई, कुठे बांधलंत?

सरला : तिथे पुढे, ट्रेलरच्या दांड्याला. तिथे एक छान तारेची दोरी आहे आणि तिच्या टोकाला खुंटी. खुंटी खोचलेली होती, ती ओढून काढली, लिंबू अडकवलं आणि दिली तशीच लोंबकळत सोडून. आता वाऱ्यावर छान हलतंय.

नंदिनी : ती ब्रेकअवेची पिन आहे.

सरला : कशाची?

नंदिनी : समजा चालत्या गाडीतून ट्रेलर सुटला, तर ती दोरी ताणली जाते, पिन उपसली जाते, आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर सगळे ब्रेक करकचून लावतो. म्हणजे तो एकटाच रस्त्यावर पळत सुटू नये. तुम्ही पिन काढलीत, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं आपण सुटलो.

भास्कर : काखेत कळसा.

सरला : मला काय ठाऊक? देवाच्या कामाला खुंटी घेतली. आणि बघा तरी, गाडी धड चार हात गेली नाही. याला म्हणतात अमावास्येला निघू नये.

नंदिनी : आई, तुम्ही हसताय काय. पिन खोचली. लिंबू मी आरशाला बांधते, साइड मिररला. चालेल?

सरला : चालेल. पण उजवीकडच्या.

भास्कर : आणि ते दुसरं यंत्र लाव परत. प्रपोर्शनल. चल, चल, उन्हं कलायच्या आत झालं पाहिजे.

नंदिनी : लावतेय. दिवा हिरवा आला, बाबा.

भास्कर : जा. चाळीस, आणि ब्रेक.

सरला : गेली. तुम्ही पोरीला उत्तर दिलं नाहीत.

भास्कर : कसलं उत्तर?

सरला : पायाचं. ती रोज ऑफिसातून आली की त्या डब्यांचं वाचत बसते. त्या बर्फात सकाळी सहाला ती ट्रेलर मागे घ्यायला शिकायची. तुमच्या आरशाला मुलामा चढवून कुणी आणला? तिच्याच ऑफिसातल्या माणसाने. स्वतःच्या मुलाला तुम्ही बारीक प्रश्न विचारत नाही, हिची मात्र परीक्षा घेता.

भास्कर : परीक्षा तिची नाही, सरला. मला काचेची भीती वाटते. इतकी वर्षं ती माझ्या हाताखाली होती. आता कुणाच्या तरी पायाखाली द्यायची. तो पाय कुणाचा आहे त्याने फरक पडत नाही.

सरला : मग हे तिला सांगा. मला कशाला सांगताय?

भास्कर : ब्रेक लावला. बघ, बघ, ट्रेलर कसा बसला. नाक खाली नाही, मागून ढकलणं नाही. दोघं एकदम थांबले. रविवारी असं नव्हतं हां. रविवारी ट्रेलर पिकअपला मागे खेचत होता.

सरला : मला दोन्ही वेळेला सारखंच दिसलं.

भास्कर : तुझं लक्ष लिंबाकडे होतं. आली ती. नंदिनी, मागचं दार उघड. तू नको, मी बघतो. सरला, पट्टी.

नंदिनी : मी तर बघूच शकत नाही. सांगा काय ते.

भास्कर : पातेलं जागेवर. पाणी... थोडं हललंय. धोतरावर पुढच्या बाजूला थेंब. एक, दोन. बस. रविवारी वीतभर डाग होता.

नंदिनी : दोन थेंब? खरंच? मी बघू?

भास्कर : बघ. पुन्हा कर एकदा. आता जोरात दाब.

नंदिनी : पुन्हा?

भास्कर : एकदा आलं तर योगायोग, दोनदा आलं तर निष्कर्ष. जा.

सरला : अहो, पोहोचायचंय आपल्याला.

भास्कर : पोहोचू. हे बघ तू. आता तिने पाय खरंच जोरात दाबलाय, आणि मागचा तेवढाच जोर धरतोय. दोघं एका तालात. तबलजी आणि गवई कसे समेवर येतात, तसं. मला हे आधी कळलं असतं तर मी लंबक शिकवताना एक अख्खा तास यावर घेतला असता.

सरला : कळली आता सम. त्या पोरीला थांबू दे.

नंदिनी : यावेळी किती, बाबा?

भास्कर : थोडं जास्त. चमचाभर. पण तू जितकं जोरात दाबलंस तितकंच. त्यापलीकडे एक थेंब नाही. नंदिनी, इकडे ये. तुझा पाय जड नाही.

नंदिनी : बाबा...

भास्कर : ऐकून घे. रविवारी जे झालं ते त्या ठोकळ्याने केलं, मी ते तुझ्या माथी मारलं. फोनवर यशोधनला जे बोललो ते आज रात्री त्याच्यासमोर परत घेईन. आणि आता तो आरसा गादीत गुंडाळून मागे ठेवू या. मध्यावर, चाकांच्या वर, तिथे हादरा सगळ्यात कमी.

सरला : मांडीवर घेणार होतात ना?

भास्कर : माझ्या मांडीपेक्षा हे यंत्र बरं. माझी मांडी टाइम-डिले आहे.

(दुपारनंतर. थुरिंगियाच्या डोंगरातला ऑटोबान. नंदिनी चालवतेय, शेजारी भास्कर, मागच्या सीटवर सरला.)

भास्कर : पुढचा ट्रक हळू होतोय.

नंदिनी : पाहिलं, बाबा.

भास्कर : दिवे लागले त्याचे.

नंदिनी : हो, लागले. मीही पाय ठेवला. आकडा बघा डब्यावर.

भास्कर : दोन. तीन. चार झाला. आता उतरतोय. सोडलास पाय? शून्य. वा. वाचतोय तुझा पाय, अगदी शब्द न् शब्द वाचतोय. सरला, बघितलंस?

सरला : मला मागून तुमची मानच दिसते. ती हलली नाही, एवढं बघितलं.

भास्कर : तेच तर. मान हलली नाही. मान म्हणजे उत्तम जडत्वमापक. आता ही गाडी ओव्हरटेक करू नकोस हां.

नंदिनी : करणारच नव्हते. आपल्याला ट्रेलरमुळे ऐंशीच.

भास्कर : बरोबर. ऐंशी पुरे. आरशाला घाई नाही.

सरला : तुम्ही दोघं त्या आकड्यांत गुंग होतात तेव्हा यशोधनचा फोन येऊन गेला, बोगद्यात कट झाला. विचारत होता, बाबा कोणत्या गाडीने येतायत, फलाटावर उभा राहू का? मी म्हटलं, उभा राहू नकोस, आम्ही तिघं एकत्रच येतोय. मग म्हणाला, आरसा कुठे आहे? म्हटलं, तुझ्या बायकोच्या मागे.

नंदिनी : काय म्हणाला मग?

सरला : म्हणाला, बाबांना फोन दे, त्यांची तब्येत बरी आहे ना बघतो. तेवढ्यात बोगदा आला.

नंदिनी : बाबा, ऐकलंत का? आता पुढे मोठा उतार आहे, लांब. मी आधीच गिअर खाली घेतलाय, ब्रेकही लागेल थोडा थोडा. आकडा तुम्ही वाचा. बाबा?

सरला : श्श.

नंदिनी : काय झालं?

सरला : झोपलेत.

नंदिनी : झोपले? गाडीत?

सरला : चांगले तोंड उघडून. सांगलीहून मुंबईला जाताना हा माणूस बसमध्ये पुढची सीट मागून घेतो आणि अख्खा प्रवास ड्रायव्हरच्या पायाकडे बघत बसतो. यशोधनच्या शेजारी बसून कधी याचा डोळा लागलेला मी पाहिला नाही.

नंदिनी : आणि माझ्या शेजारी लागला.

सरला : अगं, रडतेस की काय? समोर बघ.

नंदिनी : समोरच बघतेय, आई. उतार संपला. त्यांना कळलासुद्धा नाही.